‘रिंग तर वाजतेय!’ : एमएच ३७० आणि आपल्या अटकळी

मार्च २०१४. बीजिंगच्या एका हॉटेलात जमलेले नातेवाईक आपल्या माणसांचे नंबर पुन्हा पुन्हा लावत होते. मलेशिया एअरलाइन्सचं एमएच ३७० हे विमान ८ तारखेला सकाळी साडेसहाला तिथं उतरायचं होतं, ते आलंच नव्हतं. विमानात २२७ प्रवासी आणि १२ कर्मचारी होते. पण काही जणांनी फोन लावला तर पलीकडे चक्क रिंग ऐकू आली. मग फोन चालू आहे, म्हणजे माणूस आहे, म्हणजे विमान कुठंतरी सुखरूप उतरवलेलं आहे!

त्यांच्या जागी मी असते तर मीही त्या आवाजाला धरून बसले असते. पण आपल्या कानात वाजणारी रिंग समोरच्या फोनमधून येतच नाही. कॉलर ट्यून आठवा. समोरच्याचा फोन सायलेंटवर असतो, तरी आपल्याला गाणं ऐकू येतं. तो आवाज मोबाईल कंपनीची यंत्रणा आपल्याला ऐकवते, आणि काही वेळा तर समोरचा फोन शोधायचं काम चालू असतानाच ऐकवायला लागते. फोन सापडला नाही तर कॉल तुटतो.

एमएच ३७०च्या बाबतीत पुढं जे घडत गेलं, ते सगळं या एका रिंगमध्ये आहे. खुणा खऱ्या होत्या. त्या कशाच्या आहेत, हे सांगताना घसरायला होत होतं.

विमान क्वालालंपूरहून रात्री १२ वाजून ४२ मिनिटांनी उडालं. आपल्याकडे तेव्हा ७ मार्चचे सव्वादहा वाजत आले होते. १ वाजून १९ मिनिटांनी कॉकपिटमधून नियंत्रण कक्षाला ‘गुड नाइट’ म्हटलं गेलं आणि दोन मिनिटांतच विमान नियंत्रकांच्या पडद्यावरून गेलं. इथं रडारच्या दोन तऱ्हा समजून घ्यायला हव्यात. नागरी नियंत्रक जे रडार वापरतात, ते वर्गातल्या हजेरीसारखं असतं. नाव पुकारलं की विमानातला ट्रान्सपाँडर ‘हजर’ म्हणतो. ट्रान्सपाँडर गप्प झाला की विमान पडद्यावर राहत नाही. लष्करी रडार मात्र कुणाच्या ‘हजर’ची वाट पाहत नाही, विमानावर आपटून परत आलेल्या लहरी टिपतं. त्या रडारच्या नोंदींत दिसलं, की विमान मागं वळलं, मलेशियाचं द्वीपकल्प ओलांडून पेनांगजवळून गेलं आणि २ वाजून २२ मिनिटांनी अंदमानच्या समुद्राच्या तोंडाशी दिसेनासं झालं. शोध मात्र तेव्हा दक्षिण चीन समुद्रात चालला होता.

त्या आठवड्यात जगभर काय काय बोललं गेलं! दोन प्रवासी चोरीच्या पासपोर्टवर चढल्याचं निघालं, तेव्हा दहशतवादी हल्ला असं जवळजवळ ठरूनच गेलं. ते दोघे युरोपात आसरा शोधायला निघालेले इराणी तरुण असल्याचं कळेपर्यंत ही गोष्ट सगळीकडे पोहोचली होती. विमान हिंदी महासागरातल्या डिएगो गार्सिया बेटाच्या अमेरिकी तळावर उतरवलं, कझाकस्तानात नेलं, मालवाहू कप्प्यातल्या लिथियम बॅटऱ्या पेटल्या, अशा एकेक कथा आल्या. एका अमेरिकी वृत्तवाहिनीवर तर कृष्णविवराचीही चर्चा झाली. लाखो लोक घरी बसून उपग्रहाच्या छायाचित्रांत तुकडे शोधत होते. विमानात पाच भारतीय होते, त्यांत मराठी माणसंही होती. म्हणून इथल्या घरांतही ही चर्चा परक्याची नव्हती.

यातली प्रत्येक अटकळ सुरुवातीला वेडगळ होती असं मी म्हणणार नाही. बॅटऱ्या खरोखरच विमानात होत्या आणि बॅटऱ्या पेटतातही. आपल्या न्यायदर्शनातला, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रातला, दाखला आहे, डोंगरावर धूर दिसला की तिथं अग्नी असणार. पण धुरासारखं दिसणारं ते धुकं तर नाही ना, हे आधी बघावं लागतं. डिएगो गार्सियाच्या कथेत ते बघायची सोयच नव्हती. अमेरिकेनं नाही म्हटलं की ‘बघा, लपवताहेत’! कुठलाही पुरावा समोर आला तरी जी कथा हलतच नाही, तिची परीक्षा कशी घ्यायची?

याच्या उलट काम लंडनच्या इनमारसॅट या उपग्रह कंपनीत चाललं होतं. विमानातलं संदेशयंत्र बंद पडल्यासारखं वाटलं, तरी २ वाजून २५ मिनिटांनी ते पुन्हा उपग्रहाशी जोडलं गेलं होतं. नंतर जमिनीवरचं केंद्र सुमारे तासातासानं ‘आहेस का?’ असं विचारी आणि विमान ‘आहे’ म्हणे. त्यात जागेचा पत्ता नव्हता. पण उत्तर यायला किती वेळ लागला, याची नोंद होती. ती नोंद ठेवायला कंपनीनं सुरुवात केली होती, ती २००९ मध्ये अटलांटिकमध्ये पडलेल्या एअर फ्रान्स ४४७ या विमानानंतर.

रेडिओलहरी सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातात. वेळ कळली की अंतर कळलं. खुंट्याला बांधलेली गाय अंधारात दावं ताणून उभी आहे असं समजा. दाव्याची लांबी कळली, तर गाय नेमकी कुठं आहे ते कळत नाही, पण ती कुठल्या वर्तुळावर आहे ते कळतं. इथं खुंटा म्हणजे हिंदी महासागरावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह, आणि अशी वर्तुळं सात निघाली. शेवटचं, म्हणजे सातवं, ८ वाजून १९ मिनिटांचं. विमान सात तासांहून अधिक काळ हवेत होतं! दक्षिण चीन समुद्रातला शोध त्यामुळे थांबला.

आता वर्तुळावर उत्तरेला मध्य आशिया आणि दक्षिणेला हिंदी महासागर. मग गाय कुठल्या अंगाला? याचं उत्तर मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सुंदर गणित वाटतं. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढी ऐकू येते, लांब जाणारीची उतरलेली. रेडिओलहरींचंही तसंच होतं. विमानातलं यंत्र आपल्या वेगामुळे होणारा हा फरक स्वतःच दुरुस्त करून संदेश पाठवतं, आणि तसं करताना उपग्रह जागचा हलत नाही असं धरून चालतं. पण १९९६ मध्ये सोडलेला तो जुना उपग्रह उत्तर-दक्षिण किंचित डोलत होता. त्यामुळे दुरुस्तीत थोडी चूक उरायची, आणि विमान उत्तरेला चाललंय की दक्षिणेला, यावर ती चूक वेगळी यायची. हा हिशेब आधी इतर विमानांच्या उड्डाणांवर ताडून पाहिला गेला. उत्तर आलं, दक्षिण. २४ मार्चला मलेशियाच्या पंतप्रधानांनी ते जाहीर केलं.

जाणकारही चुकले, हेही सांगायला हवं. एप्रिलमध्ये समुद्रात ब्लॅक बॉक्सच्या ‘टिक टिक’सारखे आवाज मिळाले. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी खात्रीनं सांगितलं की जागा जवळपास सापडली. ते आवाज ३३ किलोहर्ट्झच्या आसपासचे होते, ब्लॅक बॉक्सचा संकेत ३७.५चा असतो. पाणबुडी यंत्रानं तळ धुंडाळला, विमान नव्हतं. मग तो दावा सोडून दिला गेला.

२९ जुलै २०१५ ला हिंदी महासागराच्या पश्चिमेकडच्या रियुनियन बेटावर पंखाचा एक तुकडा लागला. फ्लॅपेरॉन म्हणतात त्याला. आतल्या क्रमांकांवरून तो याच विमानाचा ठरला. तुकडा मुद्दाम टाकला, असंही लगेच म्हटलं गेलं. पण त्यावर समुद्री शिंपल्यांसारखे बार्नेकल चिकटून वाढलेले होते, आणि ते वाढायला महिने लागतात. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी बोईंग ७७७चा खराखुरा फ्लॅपेरॉन घेतला, सापडलेल्या तुकड्याइतका कापला आणि टास्मानियाजवळ समुद्रात सोडून दिला. वारा ढकलेल त्याच दिशेला तो जाईल, असं वाटलं होतं. तो सरळ न जाता वाऱ्याच्या सुमारे २० अंश डावीकडे सरकत गेला, आणि अपेक्षेपेक्षा भरभर. हे गणितात घातल्यावर तुकडा रियुनियनला लागण्याची वेळ जुळली.

मुख्यतः उपग्रहाच्या हिशेबांच्या आधारे २०१७ च्या सुरुवातीपर्यंत १,२०,००० चौरस किलोमीटर तळ तपासला गेला, महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून मोठा. २०१८ मध्ये ओशन इन्फिनिटी या कंपनीनं आणखी १,१२,००० पाहिला. विमान नाही. पण ‘नाही’ हीही माहितीच असते. एअर फ्रान्सचं विमान दोन वर्षं सापडत नव्हतं, कारण ब्लॅक बॉक्सचे संकेत आले नाहीत तो भाग रिकामा धरला होता. संकेत देणारी यंत्रंच बिघडली असतील, असं धरून गणित पुन्हा मांडलं, आणि २०११ मध्ये शोध सुरू झाल्यावर आठवडाभरातच विमान सापडलं, शेवटच्या ठाऊक ठिकाणापासून फार लांब नव्हतंच.

मलेशियाच्या २०१८च्या अहवालानं सांगितलं, की कारण निश्चित करता येत नाही, आणि तिसऱ्या कुणाचा हात असण्याची शक्यताही नाकारता येत नाही. तरी कॅप्टनला दोषी ठरवून लोक मोकळे झाले आहेत. स्वतःची बाजू मांडायला जो माणूस नाही, त्याच्यावर २३८ जणांच्या खुनाचा आरोप ठेवताना आपला स्वर इतका सहज कसा राहतो, हे मला कळत नाही.

मार्च २०२५ मध्ये मलेशियानं ओशन इन्फिनिटीशी पुन्हा करार केला. विमान सापडलं तर सात कोटी डॉलर, नाही तर काही नाही. शोधायचा पट्टा सुमारे १५,००० चौरस किलोमीटर, जवळपास पुणे जिल्ह्याएवढा. आणि समजा ब्लॅक बॉक्स वर आले, तरी कॉकपिटमधलं बोलणं टिपणाऱ्या यंत्रात फक्त शेवटचे दोन तास राहतात. विमान वळलं, ते त्याआधी कितीतरी तास. त्या वेळचे शब्द तिथं पुसले गेले असणार. पण दुसऱ्या यंत्रात २५ तासांच्या नोंदी मावतात. शब्द नाहीत त्यात, आकडे आहेत. विमान कधी, किती अंशांत आणि ऑटोपायलटवर की हातानं वळलं, ते चार किलोमीटर पाण्याखाली अजून लिहिलेलं असू शकतं.