देखभाल विमा : पात्रता तपासणी
म्हाताऱ्या माणसाला आंघोळ, जेवण, संडासला जाणं यासाठी रोज दुसऱ्याचा हात किती लागतो, ते बघून सरकारी देखभाल विम्याचा लाभ ठरवायची पद्धत. आजार कुठला हे त्यात दुय्यम.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काहीजण नेदरलँड्सचा १९६८ चा कायदा पहिला मानतात, काहीजण जर्मनीचा १९९५ चा, पण ज्या रूपात ही तपासणी आज ओळखली जाते त्यासाठी जर्मनीच धरणं बरं. मोजमापाची कल्पना त्याआधीची, अमेरिकेत सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये आंघोळ, कपडे, संडास, उठबस, मलमूत्रावर ताबा आणि जेवण या सहा कामांवरून निर्देशांक मांडला होता.

खरा वाद मिनिटांचा. जर्मनीत आधी रोज सरासरी ९० मिनिटं मदत लागली तर लाभाचा पहिला टप्पा, ३ तासांना दुसरा, ५ तासांना तिसरा. यात डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, पेशंट मागं पडायचे, कारण आजी हातानं जेवते पण गॅस चालू ठेवून बाहेर निघून जाते, आणि तिच्यावर दिवसभर नजर ठेवणाऱ्या सुनेचा वेळ हिशेबात नीट यायचाच नाही. २०१७ पासून मिनिटं गेली, माणूस स्वतःचं स्वतः किती करू शकतो याचे १०० पैकी गुण आले, १२.५ ला पहिली श्रेणी, ९० ला पाचवी. हीच पद्धत जास्त न्यायाची वाटते. जपानात हा विमा २००० पासून, तिथं आता ७४ बाबींच्या पाहणीवरून कॉम्प्युटर अजून मिनिटांचाच अंदाज काढतो, पण शेवटचा निर्णय डॉक्टरचं मत बघून समिती घेते, आणि घरात बघायला कोणी आहे का यावर पातळी ठरत नाही. कोरियात २००८ पासून, ५२ बाबी.

तपासनीस घरी आला की बरीच म्हातारी माणसं ताठ बसतात, सगळं जमतं म्हणतात, म्हणून रोज त्यांचं करणारं माणूस तिथं हजर पाहिजेच.

भारतात असा सरकारी विमा नाही. सातारा-सांगलीत लोकांना माहिती असते ती सिव्हिलच्या अपंगत्व दाखल्याची तपासणी, तिथं ४० टक्के लागतात, पण टक्का शरीरातल्या दोषाचा असतो, रोजच्या मदतीचा नाही. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड ५ लाखांपर्यंत चालतं ते दवाखान्यात ॲडमिट झाल्यावर. खानापूर-आटपाडीकडं पोरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्याला परराज्यात, माण-खटावची मुंबईला, घरात दोघं म्हातारीच, अशा ठिकाणी उद्या तपासणी आलीच तर मदत कोण करतं यापेक्षा मदत किती लागते हेच आधी विचारावं लागेल.