कड्याचा दोर आणि झाडाचा दोर

मे संपत आला होता. फळ उतरून झालं होतं आणि पाऊस दहा-बारा दिवसांवर होता. आमच्या वाडीतल्या जुन्या हापूसच्या कलमांवर बांडगूळ माजलं होतं, ते पावसाआधी काढायचं होतं. भाचा पुण्याहून आला तो पाठीवर सॅक घेऊनच. सॅकमध्ये ६० मीटरचा रोप, दोन हार्नेस, स्लिंग, डझनभर कॅराबिनर, म्हणजे दार असलेल्या धातूच्या कड्या.

"मामा, याच रोपवर लिंगाणा चढलोय. कलमाचं काय घेऊन बसलास?"

मी बरीच वर्षं सह्याद्रीतले कडे चढलो आणि आता वाडी बघतो. आमच्या पडवीत कड्याचं सामान एका खुंटीला आणि झाडाचं दुसऱ्या खुंटीला टांगलेलं असतं. लांबून बघितलं तर दोन्हीकडे सारखंच दिसतं, रंगीत दोर, कमरेचा पट्टा, चकचकीत कड्या. तरीही मी त्याला थांबवलं, कारण दोन्हीकडचं काम मुळातच वेगळं आहे. कड्यावरचा दोर तुम्ही पडाल त्या क्षणासाठी असतो. झाडावरचा दोर पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत तुमचं वजन अंगावर घेऊन असतो. सामान निवडताना पुढे जे जे बघायचं, ते सगळं या एका फरकातून येतं.

आधी कडा घेऊ. लीड करणारा, म्हणजे सगळ्यांत पुढे चढणारा, स्वतःच्या हातापायांनी चढतो, दोर नुसता मागून येत असतो. वाटेत नट किंवा फ्रेंड, म्हणजे भेगेत अडकून राहणारं धातूचं साधन, बसवायचा, त्यात दोर अडकवायचा आणि पुढे जायचं. खाली दुसरा बिले देत असतो, म्हणजे दोर सोडत आणि गरज पडली की अडवत असतो. शेवटच्या नटच्या २ मीटर वर असताना हात सुटला तर माणूस ४ मीटर खाली येतो, त्यात दोराचा ताण वेगळा. एवढ्या वेगाने येणारं अंग झटक्यात थांबलं तर कंबर, पाठ आणि वरचा नट, तिघांवरही भयंकर भार येतो. म्हणून हा दोर लवचिक बनवतात. त्याला डायनॅमिक रोप म्हणतात आणि त्याचं युरोपीय मानक ईएन ८९२. या मानकाच्या चाचणीत एकेरी वापराच्या दोरावर ८० किलोचं वजन जोरात पाडतात. पहिल्या झटक्याचा भार १२ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये, म्हणजे साधारण १२०० किलोच्या ओझ्याइतका, आणि दोर ४० टक्क्यांहून जास्त ताणता कामा नये. नुसतं ८० किलो टांगलं तरी हा दोर १० टक्क्यांपर्यंत लांबलेला चालतो.

आता हाच दोर कलमावर टाका. १२ मीटरवरच्या बेचक्यातून दोर घेतला आणि एक टोक खोडाच्या बुंध्याशी बांधलं, म्हणजे वर-खाली मिळून २४ मीटर दोर ताणाखाली आला. चढणारा दोराला लटकला की आधी मीटरभर तरी नुसता दोरच खाली येतो, पाय जमीन सोडत नाहीत. वर गेल्यावर हातात करवत घेऊन तुम्ही रबराला टांगल्यासारखे वर-खाली होत राहता. मी हे एकदा करून बघितलंय. कापायची फांदी समोर असते, पण करवत एका जागी ठरत नाही. शिवाय प्रत्येक हेलकाव्याला दोर सालीवर घासतो. त्या एका सकाळीत माझ्या रोपच्या वरच्या विणीवर हातभर लांब केसाळ पट्टा उठला होता. बोट फिरवलं की तो लगेच कळत होता, आणि पुढे त्या रोपवर लीड करायचं धाडस मला झालं नाही.

झाडासाठी न ताणणारा दोर लागतो. दोरकाम आणि वृक्षकाम करणारे ईएन १८९१ मानकाचा 'ए' प्रकारचा दोर वापरतात. भार ५० वरून १५० किलोवर नेला तरी तो ५ टक्क्यांहून जास्त लांबत नाही, आणि तुटण्याचा भार किमान २२ किलोन्यूटन असतो. झाडासाठीचे खास दोर थोडे जाड, साधारण ११ ते १३ मिलिमीटरचे असतात. हाताला पकड मिळते आणि गाठ चांगली बसते.

उलटी चूक मात्र जीव घेणारी आहे. कड्याचा दोर झाडावर नेला तर काम बिघडतं आणि दोर खराब होतो. झाडाचा दोर कड्यावर लीड करायला नेला आणि माणूस पडला, तर तो झटका शोषून घ्यायला काहीच उरत नाही. दोर तुटणार नाही, पण माणसाची कंबर मोडू शकते, नट उखडू शकतो. कडेवाले यासाठी फॉल फॅक्टर नावाचा हिशेब करतात: जितके मीटर पडलो, भागिले पडताना मध्ये असलेल्या दोराची लांबी. उत्तर १ च्या पुढे जाऊ लागलं की डायनॅमिक दोरसुद्धा मोठा झटका देतो. कमी ताणणाऱ्या दोरावर त्याच्या निम्म्यानेही धोका आहे. म्हणून वरून आधीच लावलेल्या दोरावर रॅपलिंग करायला, म्हणजे दोरावरून उतरायला, किंवा जुमारने, म्हणजे दोराला पकडणाऱ्या मुठीने, चढायला हा दोर उत्तम, पण लीडला कधीच नाही.

दोन्ही दोर ओळखायचे कसे? रंगावर जाऊ नका, दोन्हीकडे भडक रंग असतात. दोराच्या टोकाला एक बारीक पट्टी असते. डायनॅमिक एकेरी दोरावर वर्तुळात १ चा आकडा असतो, जोडीने वापरायच्या अर्ध्या दोरावर अर्धा. कमी ताणाच्या दोरावर 'ए' हे अक्षर आणि जाडी छापलेली असते. पट्टी नसेल आणि विकणाऱ्यालाही सांगता येत नसेल, तर त्या दोराने नारळाची पोती बांधा, माणूस नको. आणि आपल्याकडे हे सांगावंच लागतं: बंदरावर मिळणारा हिरवा-निळा बोटीचा दोर झाडावर नेऊ नका. तो बहुधा पॉलिप्रोपिलीनचा असतो, पाण्यावर तरंगतो म्हणून मच्छीमारांना सोयीचा. पण उन्हाने तो ठिसूळ होतो आणि सुमारे १६५ अंशांना वितळतो. घासणाऱ्या गाठीजवळ तेवढी उष्णता यायला वेळ लागत नाही. सुंभ जळला तरी पीळ राहतो म्हणतात, प्लास्टिकचा दोर मात्र पीळ आणि दोर दोन्ही घेऊन जातो.

गाठींकडे वळू. कडेवाल्यांची आवडती प्रुसिक ही गाठ ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये मांडली. पातळ दोरीचे वेढे जाड दोरावर घ्यायचे. भार आला की गाठ घट्ट बसते, भार काढला की सरकते. कड्यावर ती आधार म्हणून क्वचित लागते. झाडावर अशाच जातीची गाठ, ब्लेक्स हिच किंवा तत्सम, दिवसभर चढ-उताराचं सगळं काम करते. म्हणून झाडाची गाठीची दोरी जाड, ८ ते १० मिलिमीटरची आणि उष्णता सोसणारी घ्यावी लागते. कडेवाल्यांची ५-६ मिलिमीटरची नायलॉनची दोरी इथे उतरताना चकाकू लागते. बोटाला ती काचेसारखी गुळगुळीत लागली तर ती वितळायला लागली होती असं समजा आणि टाकून द्या.

हार्नेसमध्ये फसगत सगळ्यात जास्त होते. कड्याचा हार्नेस हलका, पुढे एक बिलेचं कडं, बाजूला सामान टांगायची नाजूक फितीची कडी. ही कडी अंगाचा भार घ्यायला नाहीतच. झाडाचा हार्नेस जड, मांड्यांखाली रुंद, पुढे सरकता आडवा दोर आणि कमरेच्या दोन बाजूंना धातूची डी-कडी. त्या बाजूच्या कड्यांमध्ये खोडाभोवतीचा आखूड दोर अडकवून तुम्ही मागे रेलता आणि दोन्ही हात मोकळे होतात. भाच्याने माझ्या हार्नेसची ती कडी बघून विचारलं, "मामा, यात रोप अडकवून पडलो तर?" नाही. त्या फक्त रेलण्यासाठी आहेत. तो दोर कायम ताणलेला ठेवायचा, पडण्याची उंची अर्ध्या मीटरच्या आत राहिली पाहिजे. एका बाजूच्या कडीवर अंग झटक्याने आलं तर कंबर पिळून निघते. आणि कडेवाल्याचा हलका हार्नेस घालून झाडात दोन तास बसलात तर पाय बधीर होतात. बधीर पायांनी फांदीवर उभं राहणं किती वाईट ते बसल्यावरच कळतं.

कॅराबिनरचा फरक छोटा आहे. कड्यावर स्क्रूचा चालतो, हाताने आवळला की झालं. झाडावर फांद्या, डहाळ्या, सालीची घासाघीस सारखी चालू असते आणि स्क्रू हळूहळू उलटा फिरू शकतो. म्हणून तिथे आपोआप बंद होणारा, उघडताना दोन-तीन हालचाली लागणारा कॅराबिनर घ्या. हेल्मेटबद्दल एकच सांगतो. बांधकामावरच्या हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा ओढ लागली की सुटावा असाच बनवलेला असतो, डोंगरी हेल्मेटचा पट्टा टिकावा असा. दोन्हींवर 'हेल्मेट' एवढंच लिहिलेलं असतं, त्यामुळे घेताना मानक वाचा.

आता आधार, म्हणजे दोर शेवटी कशाला धरतो ते. मला या भागावर सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं, कारण सामान विकत मिळतं, ही नजर मिळत नाही.

कड्यावरचा नट म्हणजे तारेला लावलेली धातूची पाचर. वर रुंद आणि खाली निमुळत्या भेगेत ती खाली ओढून बसवायची. नाव आलं ते खरोखरच्या नटांवरून, ब्रिटनमधले चढाईवाले रेल्वेरुळांजवळ पडलेले नट उचलून दोरीत ओवायचे. सारख्या रुंदीच्या भेगेसाठी रे जार्डिन या अमेरिकन अभियंत्याने फ्रेंड बनवला, तो १९७८ मध्ये बाजारात आला. त्याची फिरती पानं अशा वळणाची असतात की खाली ओढ लागली की ती बाजूंना दाबतात. दोन्हींना लागतो कणखर दगड. सह्याद्रीचा काळा कातळ ते पेलतो, तरी घामटलेली, माती भरलेली भेग नेहमी हाताने साफ करून आणि ठोकून बघायची. पोकळ आवाज आला तर ती कपार सोडा. आपल्या किनाऱ्यावरचा जांभा मात्र वेगळा आहे. तो सच्छिद्र असतो, आतून मऊ, कुऱ्हाडीने चिरे काढता येण्यासारखा. जांभ्याच्या भेगेत फ्रेंड बसलेला दिसतो, पण झटका आला की पानं दगड कुरतडून बाहेर येतात. सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या, कड्यांवर चढायचंच असेल तर वरच्या मोठ्या जिवंत झाडाला किंवा कातळाला दोर बांधून, वरून बिले घेऊनच चढा. समुद्राला लागून असलेल्या, दगडात ठोकलेल्या जुन्या बोल्टवर तर मी कधीच विश्वास ठेवत नाही. खाऱ्या हवेत स्टेनलेस स्टीलसुद्धा आतून तडकतं, आणि वरून ते चकचकीतच दिसतं.

झाडावर आधार जिवंत असतो. बुंध्याशी बांधलेल्या एकेरी दोरात वरच्या फांदीवर तुमच्या वजनाच्या जवळपास दुप्पट भार येतो, हे पक्कं लक्षात ठेवा. फांदी मनगटाएवढी चालणार नाही, मांडीएवढी हवी आणि दोर खोडाजवळच्या बेचक्यात हवा. मग जमिनीवरून दोघांनी मिळून त्या दोराला लोंबकळून बघायचं. आंब्यात आणखी एक गोष्ट बघायची, भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी कीड. खोडाला छोटी भोकं आणि खाली लाकडाचा भुसा दिसला तर फांदी आतून पोखरलेली आहे, वरून कितीही हिरवी असली तरी. त्यावर दोर टाकू नका. शेवग्यावर दोर टाकायचा विचारही नको, त्याचं लाकूड काडीसारखं मोडतं.

दोर सालीवर घासू नये म्हणून दोन कड्यांचा एक पट्टा मिळतो. तो फांदीवर टाकून दोर त्यातून ओवायचा. दोर वाचतो, सालही वाचते. हापूसच्या सालीला जखम झाली की चीक येतो आणि भिरुडाला अंडी घालायला जागा मिळते. बांडगूळ काढायला चढून भिरूड लावून येण्यात काय अर्थ? त्याच कारणाने, जगवायच्या झाडावर पायाला खिळे बांधून चढू नये.

माडाचं सगळंच वेगळं. त्याला फांदीच नाही, आणि झावळ म्हणजे आधार नव्हे. ती कधी देठातून सुटेल सांगता येत नाही. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारे, वर जातात ते खोडाभोवतीच्या फासावर आणि खोडातल्या खाचांवर. नारळ विकास मंडळ २०११ पासून जे प्रशिक्षण देतं, ते दोन चौकटींच्या चढण्याच्या यंत्राचं आहे. त्या यंत्रावर चढताना खोडाभोवती दुसरा सुरक्षा दोर कायम हवा. माडाची जखम भरून येत नाही, म्हणून नव्या खाचा मारण्यापेक्षा यंत्र मला बरं वाटतं. निसर्ग वादळाने जून २०२० मध्ये श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागा आडव्या केल्या. वादळानंतर उभ्या राहिलेल्या माडावर चढण्याआधी बुंध्याची माती भेगाळली आहे का आणि मुळं एका बाजूला उचलली आहेत का ते बघितलंच पाहिजे.

कापताना एक नियम मी मोडू देत नाही. कोयती किंवा करवत हातात असेल तर अंगाला दोन स्वतंत्र आधार हवेत, त्यातला एक शक्यतो पोलादी तारेचा गाभा असलेला. ताणलेला दोर कोयतीच्या नुसत्या स्पर्शाने कापला जातो.

सामान जपायला किनारा कठीण आहे. ॲल्युमिनियमवर पांढरी पूड चढते, कॅराबिनरचं दार अडकतं. गोड्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, दाराच्या बिजागरीत थोडं वंगण द्या. दोर उन्हात नको आणि पावसाळ्यात बंद पेटीतही नको, बुरशी धरते. गाडीच्या बॅटरीशेजारी तर मुळीच नको, ॲसिडच्या वाफेने नायलॉन मरतं आणि डोळ्यांना दिसतही नाही. चीक लागलेला दोर कोमट पाण्यात सौम्य साबणाने लगेच धुवावा. वाळला की तो दोराला कडक करतो.

भाच्याने आपल्या रोपच्या टोकाची पट्टी उजेडात धरली. वर्तुळात १ होता. रोप त्याने परत सॅकमध्ये भरला, माझा जाड दोर खांद्यावर घेतला आणि आम्ही शिशाची पिशवी बांधलेली बारीक दोरी पहिल्या कलमावर फेकली. तिसऱ्या फेकीला ती बेचक्यात बसली. संध्याकाळपर्यंत तीन कलमं साफ झाली. चौथ्यावर ओंबिलांची, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्यांची, घरटी होती, ते गणपतीनंतर करायचं ठरलं.