एलएसडी घेऊन सूर्याकडे बघत आंधळे झालेले हिप्पी: खरं काय?

एलएसडी, म्हणजे भास घडवणारं ड्रग, घेऊन पोरं सूर्याकडे टक लावून बसली आणि आंधळी झाली, ही गोष्ट अजून फिरते. तर जानेवारी १९६८ मधे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याच्या अंधकल्याण खात्याचे प्रमुख नॉर्मन योडर यांनी सांगितलं की कॉलेजची सहा पोरं अशी आंधळी झालीत, आणि पेपरवाल्यांनी ते उचललं, पण चौकशी झाली तेव्हा पोरंच सापडेनात, शेवटी गव्हर्नर शेफर यांनीच जाहीर केलं की सगळं बनावट आहे. योडरला म्हणे पोरांना एलएसडीपासून लांब ठेवायचं होतं. हेतू चांगला, पण म्हणून थापा मारायच्या?

मग लोकांना पटलं कसं? माझ्या मते टीव्हीने जमीन आधीच नांगरून ठेवलेली. एनबीसी या अमेरिकन चॅनेलवर १२ जानेवारी १९६७ ला 'ड्रॅगनेट' या पोलिसी मालिकेचा एलएसडीवरचा भाग लागला, त्यात एक पोरगा, अर्धा चेहरा निळा, अर्धा पिवळा, डोकं मातीत खुपसलेलं! आणि शेवटी ओव्हरडोसने मेलेला. वर मालिका सांगणार की गोष्ट खरी आहे, फक्त नावं बदललीत. आता एलएसडीचा डोस मायक्रोग्रॅममधे (ग्रॅमचा दहा लाखावा भाग) मोजतात आणि नुसत्या त्याच्या ओव्हरडोसने मेल्याच्या केसेस फारच कमी आहेत. खरा धोका वेगळाच, भयंकर घाबरणं, भ्रमात अपघात, आधीचा मानसिक आजार उफाळणं. पण ते दाखवायला निळा रंग लागत नाही ना, मग टीआरपी कुठून येणार.