संग्राह्य ऑस्ट्रेलियन रेड वाईनची पुनर्विक्री

लिलावात घेतलेली जुनी किंवा दुर्मिळ ऑस्ट्रेलियन रेड वाईन काही काळ जपून ठेवून पुन्हा लिलावातून अथवा परवानाधारक व्यापाऱ्यामार्फत विकण्याचा व्यवहार. उत्पादकाकडून झालेल्या पहिल्या विक्रीनंतर बाटली ज्या ज्या हातांतून फिरते, तो सगळा दुय्यम बाजार होय. ऑस्ट्रेलियात तयार होणारी बहुतेक रेड वाईन घेतल्यावर लवकरच पिऊन संपते, त्यामुळे या बाजारात टिकून राहणारी नावे थोडीच आहेत. त्यांतही पेनफोल्ड्स कंपनीच्या ‘ग्रेंज’ या वाईनचे स्थान इतके वरचे आहे की बाकीच्यांचे भाव तिच्याकडे पाहूनच जोखले जातात.

ग्रेंजचा जनक मॅक्स शुबर्ट हा ॲडलेडजवळच्या मॅगिल येथील पेनफोल्ड्सचा वाईननिर्माता होता. १९५० मध्ये कंपनीने त्याला शेरी वाईनच्या अभ्यासासाठी युरोपात पाठवले. परतीच्या वाटेवर फ्रान्समधील बोर्डो येथे त्याने कित्येक दशके मुरलेल्या रेड वाईन चाखल्या आणि तशी दीर्घायुषी वाईन आपल्याकडच्या शिराझ द्राक्षांपासून करण्याचा ध्यास घेतला. १९५१ चा हंगाम, म्हणजे त्या वर्षीच्या द्राक्षांची वाईन, हा त्याचा पहिला प्रयोग होता. तो व्यापारी विक्रीसाठी आलाच नाही. बाटल्या बहुधा भेटीदाखल वाटल्या गेल्या. १९५२ पासून ती बाजारात आली, परंतु सुरुवातीच्या जाणकारांनी तिला इतकी नावे ठेवली की १९५७ मध्ये कंपनीने उत्पादन थांबवण्याचा आदेश दिला. शुबर्टने १९५७, १९५८ आणि १९५९ हे तीन हंगाम गुपचूप, नव्या ओक पिंपांसाठी पैसा नसतानाही काढले. दरम्यान आधीच्या बाटल्या मुरून गुण दाखवू लागल्या, तेव्हा १९६० पासून ग्रेंज पुन्हा अधिकृतपणे बनू लागली.

हा इतिहास पुनर्विक्रेत्याच्या दृष्टीने निव्वळ सुरस कथा नाही. भावातला मोठा फरक त्यातूनच उगवतो. ‘लपवलेले ग्रेंज’ म्हणून ओळखले जाणारे ते तीन हंगाम संख्येने थोडे आहेत. १९५१ च्या तर मोजक्याच बाटल्या शिल्लक असल्याचे मानले जाते आणि १९५१ पासूनचा सलग संच पूर्ण करू पाहणाऱ्या संग्राहकाला त्यांतली एक लागतेच. २०२० नंतरच्या लिलावांत अशा एकेका बाटलीने एक लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा टप्पा ओलांडला. पिण्याच्या दृष्टीने ती वाईन कधीच उतरणीला लागली आहे, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असते. तो पैसे मोजतो ते संचातली रिकामी जागा भरण्यासाठी. जन्मवर्षाची बाटली भेट देण्याच्या प्रथेमुळेही जुन्या हंगामांना गिऱ्हाईक मिळते. न्यू साउथ वेल्स राज्याचे प्रीमियर (मुख्यमंत्री) बॅरी ओफॅरल यांना एप्रिल २०१४ मध्ये पद सोडावे लागले ते अशाच एका बाटलीपायी. त्यांच्या जन्मवर्षाची, म्हणजे १९५९ ची, सुमारे तीन हजार डॉलर किमतीची ग्रेंज भेट मिळाल्याचे त्यांनी भ्रष्टाचारविरोधी आयोगासमोर नाकारले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्याच हस्ताक्षरातली आभाराची चिठ्ठी पुढे आली.

ग्रेंजखालोखाल एडन व्हॅलीतील हेन्श्की घराण्याची ‘हिल ऑफ ग्रेस’ येते. एकाच मळ्यातील, एकोणिसाव्या शतकात लावलेल्या वेली अजूनही राखून असलेल्या शिराझपासून ती केली जाते आणि तिचा पहिला हंगाम १९५८ चा आहे. याउलट ग्रेंजची द्राक्षे दरवर्षी निरनिराळ्या प्रदेशांतून निवडली जातात. क्लेअर व्हॅलीतील वेंडुरी, बरोसातील रॉकफर्ड, यारा व्हॅलीतील माउंट मेरी या नावांनाही स्थिर मागणी आहे. कोणत्या वाईनला दुय्यम बाजारात पत आहे याचा सर्वमान्य निकष म्हणजे लँग्टन्स या लिलावसंस्थेने १९९० पासून वेळोवेळी प्रसिद्ध केलेली वर्गवारी. ती परीक्षकांच्या गुणांपेक्षा लिलावातील दीर्घकालीन कामगिरीवर आधारलेली आहे. लिलाव करणाऱ्यानेच मालाची प्रतवारी ठरवावी, यातला हितसंबंध उघड आहे. तरीही त्या तोडीची दुसरी यादी नसल्याने खरेदीदार आणि विक्रेते दोघेही तिचाच आधार घेतात.

ऑस्ट्रेलियात मद्यविक्रीसाठी राज्याचा परवाना लागतो. म्हणून खासगी संग्राहक सहसा आपला माल परवानाधारक लिलावसंस्थेकडे सोपवतो. संस्था बाटल्या तपासते, वर्णन लिहिते, विक्रेत्याशी बोलून राखीव किंमत (जिच्याखाली बाटली विकायची नाही ती) ठरवते आणि ठरावीक मुदतीचा, हल्ली बहुधा ऑनलाइन, लिलाव मांडते. अंतिम बोलीवर खरेदीदाराकडून अधिभार घेतला जातो आणि विक्रेत्याकडून वेगळी अडत कापली जाते. लिलावात घेऊन लिलावातच विकणाऱ्याला हे दोन्ही भार सोसावे लागतात. उदाहरणार्थ, अधिभार १५ टक्के आणि अडत १० टक्के धरली, तर ८०० डॉलरच्या बोलीला मिळालेली बाटली प्रत्यक्षात ९२० डॉलरला पडते. पुढे तिला १,००० डॉलरची बोली आली तरी हाती ९०० डॉलरच येतात. म्हणजे भाव २५ टक्के चढूनही २० डॉलरचा तोटाच होतो आणि नुसती बरोबरी साधायलाही भाव सुमारे २८ टक्के चढावा लागतो. साठवणीचे भाडे, विमा आणि वाहतूक यात धरलेली नाही. वर्षभरात घेऊन विकण्याचा बेत बहुधा इथेच फसतो.

बाटलीची पारख : एकाच हंगामाच्या दोन बाटल्यांना वेगवेगळा भाव येतो तो त्यांच्या अवस्थेमुळे. खरेदीदाराची नजर प्रथम वाईनच्या पातळीवर जाते. ती मानेत असेल तर उत्तम. तीस-चाळीस वर्षांच्या बाटलीत मानेच्या बुडाशी किंवा खांद्याच्या वरच्या भागात असली तरी चालते. मात्र खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल, तर बुचातून हवा शिरल्याची शंका येते आणि भाव कोसळतो. बुचावरील वेष्टणाखाली चिकट ओघळ दिसणे हे बाटली कधीतरी तापल्याचे लक्षण समजतात. डागाळलेले लेबल चवीला बाधक नसते, पण किंमत हमखास कमी करते. तथापि सर्वांत मोलाची बाब डोळ्यांना दिसतच नाही : बाटली आजवर कुठे, किती तापमानात राहिली. ॲडलेडचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो, त्यामुळे घरातल्या कपाटात वीस वर्षे काढलेल्या बाटलीपेक्षा तापमान-नियंत्रित गोदामात राहिलेली आणि तशी कागदपत्रे असलेली बाटली नेहमीच वरचढ ठरते.

पेनफोल्ड्सने १९९१ पासून पंधरा वर्षे किंवा त्याहून जुन्या आपल्या रेड वाईनसाठी पुनर्बूच-शिबिरे भरवली आहेत. मालकासमोर बाटली उघडली जाते, कंपनीचा वाईननिर्माता थेंबभर चाखतो, वाईन चांगली असल्यास घटलेली जागा नव्या हंगामाच्या वाईनने भरून तिला ताजे बूच बसवतात आणि मागे प्रमाणपत्राचे लेबल लावतात. बिघडलेल्या बाटलीला ते लेबल मिळत नाही आणि मग ती विकणे जवळजवळ अशक्य होते. पातळी उत्तम असलेली बाटली उगाच उघडू नये, असा सल्ला शिबिरातच दिला जातो. प्रमाणित बाटलीविषयी खरेदीदारांत एकमत नाही. काहींना अस्सलपणाची खात्री मोलाची वाटते, तर काहींना मूळ बुचाची, कोणी हात न लावलेली बाटलीच हवी असते. नकली मालाचा धोका, विशेषतः पेनफोल्ड्सच्या नावाची चलती असलेल्या चिनी बाजारात, लक्षात घेता पहिला पक्ष अधिक व्यवहारी वाटतो.

भाव सतत चढतच राहतात हा समज आकडे पाहता टिकत नाही. २०१९ च्या हंगामाची ग्रेंज २०२३ मध्ये १,००० डॉलर या छापील किमतीला आली. परंतु २००० नंतरचे अनेक हंगाम लिलावात आपल्या मूळ किमतीपेक्षाही खाली मिळतात. नवी बाटली दुकानातून घेऊन साठवणाऱ्यापेक्षा तीच काही वर्षांनी लिलावात घेणारा म्हणूनच फायद्यात राहतो. परदेशी मागणीचाही परिणाम मोठा आहे. चीनने नोव्हेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियन वाईनवर तात्पुरते आणि मार्च २०२१ मध्ये २१८ टक्क्यांपर्यंतचे पक्के शुल्क लादले, ते मार्च २०२४ च्या अखेरीस उठले. निवृत्तिनिधीचा पैसा वाईनमध्ये गुंतवणाऱ्यांना २०११ पासून आणखी एक बंधन आहे : स्वव्यवस्थापित निधीची वाईन सदस्याने वा त्याच्या नातलगांनी घरी ठेवायची नाही, सात दिवसांत निधीच्या नावे तिचा विमा उतरवायचा आणि अर्थातच ती प्यायची नाही.

भारतात अशा पुनर्विक्रीला फारसा वाव नाही. २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारानुसार १५ अमेरिकी डॉलरहून महाग बाटलीवरील आयातशुल्क १५० टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर आले असून दहा वर्षांत ते २५ टक्क्यांपर्यंत उतरायचे आहे. त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या संग्राहकाला ही वाईन आणवणे सोपे होईल. विकण्याच्या बाबतीत मात्र महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू होतो आणि परवान्याविना एक बाटली विकणे हाही गुन्हाच ठरतो.