थोरला ॲब्लेट, धाकटा ॲब्लेट

गॅरी ॲब्लेटने कारकिर्दीत किती गोल केले? 1031 हे उत्तर बरोबर आहे आणि 445 हेही. त्याच्या संघाने अजिंक्यपद किती वेळा जिंकलं? एकदाही नाही, हे बरोबर. दोनदा, हेही बरोबर. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये या नावाचे दोन खेळाडू होऊन गेले, बाप आणि लेक. दोघंही जिलाँग क्लबचे, आणि खेळातल्या सर्वकालीन थोरांची कुठलीही यादी काढली तरी दोघंही तिच्यात असतात.

आपल्याकडे असा घोळ सहसा होत नाही. आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, बापाचं मुलाला नाही. बापाचं नाव मधल्या जागी येऊन बसतं. ऑस्ट्रेलियात मधलं नाव बापाचंच असावं असा नियम नाही आणि मुलाला सरळ बापाचं नाव देण्याची पद्धत आहे. मग सीनियर-ज्युनियर असं शेपूट लावावं लागतं. पण खरी गफलत त्या शेपटापाशीच होते. थोरला 1996 मध्ये शेवटचा सामना खेळला तेव्हा धाकटा 12 वर्षांचा होता, त्यामुळे तोवरच्या बातम्यांत नुसतं 'गॅरी ॲब्लेट' एवढंच असतं. पुढे धाकटा इतका मोठा झाला की त्याच्याही बातम्यांतून शेपूट गळून पडलं. त्यात लिव्हरपूल आणि एव्हर्टन या दोन्ही क्लबांकडून एफए कप जिंकलेला एक इंग्लिश गॅरी ॲब्लेटही होऊन गेला. तो आपल्या ओळखीच्या गोल चेंडूच्या फुटबॉलमधला. त्याचा या दोघांशी संबंध नाही.

दोघांमधला फरक कळण्यापुरता खेळ समजून घेऊ. मैदान लंबवर्तुळाकार, बहुतेक ठिकाणी क्रिकेटचंच. आपण टीव्हीवर पाहतो ते मेलबर्न क्रिकेट ग्राउंड हे या खेळाचंही सर्वांत मोठं घर. एका संघाचे 18 खेळाडू मैदानावर. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून लाथ मारून चेंडू गेला तर गोल, म्हणजे 6 गुण. बाजूच्या फटीतून गेला तर 'बिहाइंड', 1 गुण. लाथेने आलेला चेंडू किमान 15 मीटर प्रवास करून कुणी अधांतरी झेलला, तर तो 'मार्क'. झेलणाऱ्याला मग कुणी अंगाला हात न लावता शांतपणे लाथ मारायला मिळते. हातातला चेंडू फेकायचा नाही, मुठीने ठोसून सोबत्याकडे द्यायचा.

आता या मैदानावर दोन माणसं उभी करा. एक गोलखांबांसमोर, अगदी टोकाला: तो फुल फॉरवर्ड. चेंडू त्याच्याकडे येणार, त्याने तो हवेत उडी मारून झेलायचा आणि गोल करायचा. दुसरा मध्यभागी, जिथे या दोघांच्या काळात पंच चेंडू जमिनीवर आपटून खेळ सुरू करत: तो मिडफिल्डर. त्याने गर्दीतून चेंडू उपसायचा, दिवसभर धावायचं आणि पुढच्याला पुरवायचा. थोरला पहिल्या प्रकारचा म्हणून अमर झाला, धाकटा दुसऱ्या प्रकारचा. नाव एक, खेळ एक, पण कसब वेगळं. त्यामुळे 'दोघांत श्रेष्ठ कोण' हा वाद मला गोलंदाजाची धावांची सरासरी काढण्यासारखा वाटतो.

थोरल्याचा जन्म 1961 चा, व्हिक्टोरिया राज्यातल्या ड्रुइन या गावचा. मेलबर्नच्या हॉथॉर्न क्लबने त्याला घेतलं. 1982 मध्ये तो तिथे सहा सामने खेळला, पण शहरात त्याचं मन रमेना. तो परत गावाकडे गेला, मर्टलफर्डच्या संघातून खेळू लागला. तिथून त्याला 1984 मध्ये जिलाँगने उचललं. त्या काळी वरच्या पातळीवरचे अनेक खेळाडूसुद्धा नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी सरावाला येत. सुरुवातीची वर्षं थोरला खांबांपासून थोडा लांब, कडेने खेळायचा: अंगात बैलाची ताकद आणि झेप मात्र मांजरीची. 1991 च्या सुरुवातीला त्याने अचानक निवृत्ती जाहीर केली आणि त्याच हंगामात परतही आला. 1993 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, प्रशिक्षक माल्कम ब्लाइट यांनी त्याला कायमचा खांबांसमोर आणला. त्या हंगामात त्याने 17 सामन्यांत 124 गोल केले, पुढच्या वर्षी 129, त्याच्या पुढच्या वर्षी 122. बहुतेक खेळाडू या वयात बूट खुंटीला टांगतात. जिलाँगचे लोक त्याला 'गॉड' म्हणत, देव.

पण या देवाला प्रसाद मिळाला नाही. ग्रँड फायनल म्हणजे अजिंक्यपद ठरवणारा अंतिम सामना. 1989, 1992, 1994, 1995 अशा चार ग्रँड फायनल तो खेळला आणि चारही हरला. त्यातली 1989 ची मी पुन्हा पुन्हा पाहत आलो आहे. समोर हॉथॉर्न, म्हणजे त्याचाच पहिला क्लब. सामना इतका दांडगा की हॉथॉर्नचा डर्मट ब्रेरटन पहिल्याच क्षणी धडक बसून फासळ्या मोडून घेतो आणि तरी खेळत राहतो. थोरला एकटा नऊ गोल करतो. ग्रँड फायनलमध्ये एवढे गोल त्याआधी फक्त एकदा झाले होते, 1928 मध्ये, गॉर्डन कॉव्हेंट्रीच्या नावावर. आणि जिलाँग हरतं 138 विरुद्ध 144, फक्त सहा गुणांनी. म्हणजे एका गोलाचा फरक. नऊ गोल करणाऱ्या माणसाने दहावा करायला हवा होता असं कुणी म्हणू शकत नाही. सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून नॉर्म स्मिथ पदक त्यालाच दिलं गेलं, हरलेल्या संघातला असूनही. असं त्याआधी फक्त 1982 मध्ये मॉरिस रिओलीच्या बाबतीत घडलं होतं.

धाकट्याची गोष्ट उलट्या दिशेने जाते. जन्म 1984 चा. हे सगळे क्लब ज्या लीगमध्ये खेळतात त्या एएफएलमध्ये नवे खेळाडू 'ड्राफ्ट'मधून वाटले जातात: क्लबांनी पाळीपाळीने निवड करायची. पण बाप एखाद्या क्लबकडून ठरावीक सामने खेळला असेल, तर त्याच्या मुलावर त्या क्लबचा पहिला हक्क राहतो. याला फादर-सन नियम म्हणतात. 2001 च्या ड्राफ्टमध्ये जिलाँगने या नियमाने त्याला चाळिसाव्या क्रमांकावर घेतलं. वशिल्याने आला असं म्हणणारे म्हणोत, पण नियमाने फक्त दार उघडतं. पहिली चार-पाच वर्षं तो खांबांच्या आसपास घुटमळणारा, चपळ, चांगला फॉरवर्ड होता, एवढंच. 2006 चा हंगाम जिलाँगला निराशेचा गेला आणि त्यानंतर सहकाऱ्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं की तुझ्यात आहे त्याच्या निम्मंही तू देत नाहीस. पुढच्या वर्षी मैदानाच्या मध्यात उतरला तो निराळाच माणूस होता. थोरल्याचा कायापालट एकतिसाव्या वर्षी जागा बदलून झाला; धाकट्याचा बाविसाव्या वर्षी, सराव आणि जागा दोन्ही बदलून. 2007 मध्ये जिलाँगने पोर्ट ॲडलेडला 119 गुणांनी हरवलं. ग्रँड फायनलमधला हा सर्वांत मोठा विजय आहे आणि त्या संघात धाकट्याचा भाऊ नेथनही होता. 2009 मध्ये दुसरं अजिंक्यपद आलं.

मग त्याने असं काही केलं जे थोरल्याच्या काळात कल्पनेतही नव्हतं. 2010 अखेर तो यशाच्या शिखरावरचा क्लब सोडून क्वीन्सलंडमधल्या गोल्ड कोस्ट या कोऱ्या करकरीत क्लबचा पहिला कर्णधार झाला, पाच वर्षांच्या करारावर. हा पूर्णवेळ व्यावसायिकाचा निर्णय होता. जिलाँगच्या चाहत्यांना तो बोचला, आणि मला त्यांचं दुःख कळतं. पण क्लबने खेळाडू विकले-बदलले की ते धोरण आणि खेळाडूने क्लब बदलला की ती गद्दारी, हे मला कधी पटलेलं नाही. पहिल्या हंगामात गोल्ड कोस्टने 22 पैकी तीन सामने जिंकले. तो तिथे असेपर्यंत संघ एकदाही बाद फेरीत गेला नाही. अशा संघातून खेळताना त्याने 2012 मध्ये कॉलिंगवूडविरुद्ध एका सामन्यात 53 वेळा चेंडू लाथेने किंवा मुठीने पुढे दिला आणि 2013 मध्ये ब्राउनलो, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक, दुसऱ्यांदा जिंकलं. 2014 मध्ये खांदा निखळला, तिथून दुखण्यांनी पाठ सोडली नाही. 2018 मध्ये तो जिलाँगला परतला.

आता पदकं. कुठल्याही लेखात नुसतं 'ॲब्लेट' दिसलं तर बापलेक वेगळे करायला हाच भरवशाचा मार्ग. कोलमन पदक हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्याचं: ते 1993, 94, 95 अशी तीन वर्षं थोरल्याकडे, धाकट्याकडे कधीच नाही. ब्राउनलो हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं, 2009 आणि 2013 मध्ये धाकट्याचं, थोरल्याचं कधीच नाही. याला कारण आहे. ब्राउनलोसाठी प्रत्येक सामन्यानंतर पंच तिघांना 3, 2, 1 अशी मतं देतात, आणि पंचांच्या डोळ्यांसमोर दिवसभर चेंडूभोवती असतो तो मिडफिल्डर. टोकाला उभा असलेला फुल फॉरवर्ड दहा गोल करूनही संघ हरला तर मागे पडतो. थोरल्याने 1993 मध्ये एसेंडनविरुद्ध 14 गोल केले, आणि जिलाँग तोही सामना हरलं होतं. म्हणून 'मुलाने बापाचं राहिलेलं पूर्ण केलं' हे वाक्य मला खटकतं. ब्राउनलो हे थोरल्याचं राहिलेलं काम नव्हतंच. त्याचं काम गोल करणं, आणि ते त्याने उरकून ठेवलं होतं. सामन्यांच्या संख्येतही गल्लत नको: 248 थोरल्याचे, 357 धाकट्याचे.

जुना फोटो किंवा चित्रफीत हाती आली तर पाठीवरचा आकडा पाहा. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर 5 असेल तर थोरला. 29 असेल तर धाकटा, जिलाँगमधली पहिली वर्षं. लाल जर्सीवर 9 म्हणजे गोल्ड कोस्ट. आणि पुन्हा निळ्या-पांढऱ्यावर 4 असेल तर शेवटची तीन वर्षं. त्या 4 आकड्याचा अखेरचा सामना म्हणजे 24 ऑक्टोबर 2020 ची ग्रँड फायनल, कोरोनामुळे मेलबर्नऐवजी ब्रिस्बेनच्या गॅबावर झालेली. पहिल्या काही मिनिटांतच धाकट्याचा खांदा पुन्हा गेला. तो आत जाऊन परत आला आणि तशाच खांद्याने शेवटपर्यंत खेळला. जिलाँग रिचमंडकडून 31 गुणांनी हरलं. मैदान सोडताना दोन्ही संघांचे खेळाडू दुतर्फा उभे होते, आणि तो त्यांच्यामधून चालत गेला.