शहरातल्या शेतकरी आठवडे बाजारांची पार्श्वभूमी

महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये माळव्याच्या (भाजीपाल्याच्या) गाडीचा हिशेब मांडला. शेतकरी गाडीभर माळवं शहरात आणतो, बाजारात वजनात मारला जातो, वर म्युनिसिपालिटीची जकात भरतो आणि गाडीभाडं अंगावर घेऊन घरी परततो. पुण्या-मुंबईतल्या आजच्या शेतकरी बाजारांचं मूळ मला या हिशेबातच दिसतं. पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद असताना फुल्यांनी नव्या मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता. ती मंडई १८८६ मध्ये उघडली आणि पुढे तिला त्यांचंच नाव मिळालं.

काटामारी आणि दलालांची मनमानी रोखायला नियंत्रित बाजार आले. वऱ्हाडात कारंज्याला १८८६ मध्येच कापसासाठी तसा बाजार झाला होता; १९६३ च्या कायद्याने राज्यभर बाजार समित्यांची चौकट घातली. उघड लिलाव, शेतकऱ्याचा माल विकून देणारे परवानाधारक आडते, तपासलेली वजनं. हेतू रास्तच होता, शेतकऱ्याला आधारही मिळाला. पण घाऊक माल समितीच्या आवारातच विकायचा, ही अट पुढे जाचक झाली. मुंबईचा घाऊक भाजीबाजार १९९६ मध्ये वाशीला गेला. तिथून हाती येणाऱ्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबात, आडत (आडत्याचं कमिशन), हमाली, तोलाई वजा जाऊन काय उरायचं, हे भाजी पिकवणाऱ्या कुठल्याही घरात विचारावं.

वांद्र्यात २०१० पासून सेंद्रिय मालाचा रविवारचा बाजार भरू लागला, पण चित्र खरं पालटलं ते जुलै २०१६ मध्ये. राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून वगळला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. व्यापाऱ्यांनी संप पुकारला. त्याच वर्षी राज्याच्या पणन (शेतमाल विक्री) मंडळाचं आठवडे बाजार अभियान सुरू झालं. मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या अरणच्या सावता माळ्यांचं नाव त्याला दिलं, हे फार उचित झालं.

या बाजारांत शेतकरी गट टेम्पो घेऊन येतात. मेथीच्या जुडीच्या मुळांना माती असते, गवार पोत्यातून थेट काट्यावर पडते, पैसे तिथल्या तिथे हातात. २०२० च्या टाळेबंदीत यांतल्या कित्येक गटांनी सोसायट्यांच्या फाटकापर्यंत भाजी पोचवली.

अडचण उरते ती जागेची. मैदान कायमचं मिळत नाही, आणि घाऊक बाजारातून माल उचलून शेतकरी म्हणून उभे राहणारेही शिरतात. म्हणून घेताना गाव कुठलं, तोडणी कधीची, हे जरूर विचारावं. पिकवणारा ते आनंदाने सांगतो.