काटा ६८ वर अडला तर घाबरू नका
ड्रम स्मोकर (धुरावर मांस शिजवायचा झाकणाचा ड्रम) नेलेल्या ग्राहकांसाठी: म्हशीचा सीना घरच्या घरी धुरावर शिजवताना

आमच्या वर्कशॉपला येणारे बहुतेक फोन एकाच कारणाचे असतात. सकाळी सातला मांस चढवलं, दुपारपर्यंत मांसात खुपसलेल्या थर्मामीटरचा काटा छान चढत गेला, आणि मग ६८ अंशांवर जो बसला तो दोन तास हलेचना. "ड्रम बिघडला का हो?" ड्रम बिघडलेला नसतो. हे पत्रक मुख्यतः त्या घडीसाठी लिहिलं आहे, पण तिथवर नीट पोचायचं तर सुरुवात खाटकाच्या दुकानापासून करावी लागते.

ब्रिस्केट, म्हणजे धुरावर शिजवलेला सीना, हा मूळचा अमेरिकेतल्या टेक्सासकडचा पदार्थ, आणि तिकडे तो गाईबैलाच्या मांसाचा. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल, वळू या तिन्हींच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे आपल्याकडे म्हशीचंच घ्यायचं, तेही परवाना असलेल्या दुकानातून. बड्याच्या दुकानात ब्रिस्केट म्हटलं तर कुणाला कळणार नाही, "सीना" मागा. पुढच्या दोन पायांमधला हा छातीचा भाग. माणसाला खांद्याशी आडवं हाड असतं तसं या जनावरांना नसतं, त्यामुळे पुढचा बराच भार याच स्नायूंवर येतो. म्हणूनच तो चिवट, आणि म्हणूनच त्याला दिवसभराची मंद धग लागते. खाटीक सवयीने लगेच तुकडे पाडायला घेतो. त्याने सुरी उचलायच्या आत सांगा: अखंड द्या, ३ ते ४ किलोचा, वरची चरबी तशीच राहू द्या. म्हशीच्या मांसात आतली चरबी कमी असते, त्यामुळे वरचा पाव इंचाचा थर फार मोलाचा. घरी साफ करताना निघालेली जादा चरबीही फेकू नका, मंद आचेवर वितळवून ठेवा. ती पुढे लागणार आहे.

मसाला साधाच लावा. किलोला १५ ग्रॅम मीठ आणि जाडसर भरडलेली मिरी, बस. चोळून रात्रभर फ्रिजमध्ये झाकून ठेवा. येसर (रश्शात घालायचा भाजक्या मसाल्याचा कूट) लावू का, असं बरेच जण विचारतात. आमचं मत, लावू नका. दिवसभराच्या धुराखाली त्याचा वास दबून जातो. येसर रश्शासाठी राखून ठेवा.

आता लाकूड. मराठवाड्यात बांधाबांधावर माजलेली वेडी बाभूळ ही टेक्सासच्या मेस्कीट झाडाची सख्खी भावकी आहे, आणि तिकडे मेस्कीटवर मांस भाजण्याची जुनी रीत आहे. तिचा कोळसा उत्तम, दमदार धग देतो. तिचा कच्चा धूर मात्र उग्र असतो, म्हणून कोळसा बाभळीचा आणि धुरासाठी आंबा, चिकू किंवा चिंचेची मनगटाएवढी दोन-तीन वाळकी लाकडं, असा मेळ आम्ही सांगतो. कडुनिंब आणि निलगिरी नको. कण्हेर तर विषारी, तिची काडीसुद्धा ड्रमजवळ नको. रंग दिलेलं लाकूड आणि प्लायवूडही कधीच नाही.

ड्रम अंगणात किंवा गच्चीवरच पेटवा. कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बंद शेडमध्ये जीव घेतो, आणि त्याला वास नसतो. मळ्यात पेटवणार असाल तर कडब्याच्या गंजीपासून लांब. सुरुवातीला दाट पांढरा धूर येईल, तेव्हा मांस ठेवू नका, कडवटपणा चढतो. धूर पातळ, निळसर झाला की ठेवा. झाकणावरचं मीटर ११० ते १२० अंशांत राहील इतपत खालच्या झडपा उघड्या ठेवा. झाकण उघडून बघायचा मोह आवरा. दर वेळी धग जाते आणि वेळ वाढतो.

आणि आता तो ६८ चा मुक्काम. घरातला माठ आठवा. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असलं तरी माठातलं पाणी गार असतं, कारण बाहेर झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जातं. कूलरही त्याच तत्त्वावर चालतो. मांस साधारण ६५ ते ७५ अंशांत आलं की हेच होतं: आतला ओलावा पृष्ठभागावर येतो, उडतो, आणि ड्रम जेवढी धग देतो तेवढी तो घेऊन जातो. काटा थांबतो, कधी दोन तास, कधी चार. या वेळी झडपा सताड उघडून धग वाढवली तर बाहेरचं वाळतं आणि आतलं तसंच राहतं. थांबा. मांसावर धरलेली कडक साल काळपट होऊन नखाने खरवडली तरी सुटत नाही असं झालं, की वितळवलेली चरबी वरून ओतून मांस कोऱ्या तपकिरी कागदात घट्ट गुंडाळा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. कागद नसेल तर फॉइल चालेल, फक्त साल थोडी मऊ पडते. ओलावा उडायचा थांबला की काटा आपोआप चालू लागतो.

आमच्या पहिल्या ड्रमवर पाहुणे ताटावर बसले म्हणून आम्ही ८२ ला मांस काढलं होतं. शिजलेलं होतं, पण तोडता तुटेना. चिवट धागे विरघळून त्यांचं जिलेटिन व्हायला ७० च्या वर बरेच तास लागतात, म्हणून ९३ ते ९६ पर्यंत न्या, आणि आकड्यापेक्षा मांसात टोचून बघायच्या सुईवर विश्वास ठेवा: लोण्यात शिरावी तशी सगळीकडून शिरली पाहिजे. चार किलोला एकूण दहा-बारा तास धरून चला. जेवण रात्री आठला असेल तर पहाटेच पेटवा.

उतरवल्यावर कागदासकट जुन्या गोधडीत गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात तास-दीड तास ठेवा. आतलं तापमान ६० च्या खाली जाऊ देऊ नका. मग धाग्यांना आडवं, पेन्सिलीच्या जाडीने कापा. सीन्यात दोन स्नायू एकावर एक असतात आणि त्यांचे धागे वेगवेगळ्या दिशांना जातात, तेव्हा मध्येच सुरीची दिशा बदलावी लागते. सालीखाली गुलाबी कड दिसली की काही जण "कच्चं राहिलं" म्हणून परत चुलीवर ठेवतात. ते कच्चं नाही. धुरातल्या वायूंची मांसातल्या लाल रंगद्रव्याशी प्रक्रिया होऊन ती कड धरते. कागदात साठलेला रस येसर घातलेल्या रश्शात ओता आणि सोबत ज्वारीची गरम भाकरी घ्या.

ड्रमची राख दुसऱ्या दिवशी, पूर्ण विझल्याची खात्री करून काढा. पावसाळ्यात राहिलेली राख ओल धरते आणि तळ आतून गंजतो.